फुलांची माळ आणि शिपायाचा गणवेश



इतिहास म्हटला की लढाया, तह, राज्यारोहणे आणि पदच्युती यांची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. फुलांच्या माळेलाही इतिहास असतो हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. माळ सकाळी ओवावी, सायंकाळी कोमेजावी आणि दुसऱ्या दिवशी तिचे निर्माल्य व्हावे. तिचा इतिहास तो काय असणार? याच्या उलट शिपायाचा गणवेश पाहा. ती राज्यसंस्थेने मोठ्या विचाराने घडवलेली वस्तू आहे. बटणे किती, ती कोणत्या धातूची, पदके छातीच्या कोणत्या बाजूस, केस किती आखूड, हे सारे कायद्याच्या भाषेत लिहून ठेवलेले असते. माळेचा नियम आजीच्या तोंडी असतो; गणवेशाचा नियम छापील पुस्तकात असतो.

आता या दोन वस्तू एकाच माणसाच्या अंगावर एकाच वेळी आल्या तर काय व्हावे? छापील पुस्तक म्हणते, गणवेशावर परकी वस्तू दिसता कामा नये. आजी म्हणते, प्रेमाने घातलेली माळ देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत काढता कामा नये. प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक दिसतो. परंतु प्रशांत महासागरातील हवाई बेटांच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात याच प्रश्नाच्या पोटात राज्य गमावलेल्या लोकांचे दुःख आणि त्यांचे औदार्य अशी दोन्ही साठवलेली आहेत.

हवाईच्या माळेला तेथील भाषेत ‘लेई’ म्हणतात. आपल्या मराठीत अलंकार लेणे हे क्रियापद आहे आणि जुन्या काव्यात ‘लेई’ हे त्याचे रूप येते. हे ध्वनिसाम्य केवळ योगायोगाचे आहे, परंतु शब्द लक्षात ठेवण्यास सोयीचे आहे. सुमारे आठशे ते हजार वर्षांपूर्वी पॉलिनेशियन दर्यावर्दी जोडनावांतून, ताऱ्यांच्या आणि लाटांच्या खुणांवर हजारो मैलांचा समुद्र ओलांडून या बेटांवर येऊन वसले. माळा घालण्याची चाल त्यांनी आपल्याबरोबर आणली आणि नव्या भूमीत ती अतोनात वाढवली. लेई फुलांचीच असते असे नाही. ती पानांची असते, बियांची असते, नीहाऊ बेटावरील बारीक शिंपल्यांची असते, पक्ष्यांच्या पिवळ्या-तांबड्या पिसांची असते. सरदारांच्या गळ्यात माणसाच्या केसांच्या शेकडो बारीक वेण्यांत अडकवलेला, कोरलेल्या व्हेलदाताचा गळेसर असे. माइले नावाच्या सुगंधी वेलीची माळ दोन्ही टोकांना मोकळी ठेवीत. नृत्यदेवता लाका हिच्या वेदीवर ती वाहिली जाई, आणि दोन नायकांमध्ये सलोखा झाला म्हणजेही माइले गुंफली जाई, असे परंपरा सांगते.

करण्याच्या रीतीही अनेक. सुईने ओवणे निराळे, दोऱ्याने गुंडाळीत बांधणे निराळे, वेणीसारखे गुंफणे निराळे. आणि प्रत्येक रीतीस स्वतंत्र शब्द. हार, गजरा आणि वेणी हा भेद ज्या भाषेत आहे त्या भाषेच्या लोकांना याचे नवल वाटू नये. इलिमाच्या फुलाचे उदाहरण घ्या. आपल्याकडे माळरानावर उगवणाऱ्या चिकण्याच्या कुळातले हे पातळ, केशरी-पिवळे फूल. एका माळेसाठी अशी शेकडो फुले खुडावी लागतात, आणि एवढे करून ती माळ एक दिवस टिकते! म्हणजे लेई देणारा मनुष्य केवळ फुले देत नाही, आपल्या आयुष्यातील काही तास देतो. हवाई भाषेत लेई या शब्दाचा लाक्षणिक अर्थ लाडके मूल असाही होतो. कारण खांद्यावर घेतलेले मूल गळ्याला हातांचा विळखा घालते, तीच पहिली माळ.

या माळेचे शिष्टाचार आहेत. ती केवळ छातीवर लोंबत ठेवू नये. खांद्यांवर अशी घ्यावी की निम्मी पुढे आणि निम्मी पाठीवर यावी. देणाऱ्यासमोर ती काढू नये. गरोदर स्त्रीला बंद वर्तुळाची माळ देऊ नये. तिच्यासाठी टोके मोकळी असलेली करावी. कोमेजली म्हणजे ती केरात टाकू नये. झाडाला अडकवावी, मातीत पुरावी अथवा समुद्राला द्यावी. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून झाडाच्या मुळाशी घालणाऱ्या किंवा नदीत सोडणाऱ्या आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना हा नियम कोणी समजावून देण्याची गरज नाही.

आणखीही एक नाते आहे, आणि ते कल्पनेचे नसून वनस्पतिशास्त्राचे आहे. आज हवाईच्या माळेत जी फुले सर्वत्र दिसतात त्यांतील पुष्कळशी मूळची तेथील नव्हेत. आपण ज्याला पांढरा चाफा म्हणतो तो अमेरिका खंडातील वृक्ष. तो हवाईत १८६० साली विल्हेल्म हिलेब्रांड या जर्मन वैद्य-वनस्पतिज्ञाने आणला. हवाईची शेवटची युवराज्ञी काइउलानी हिला दोन गोष्टी फार प्रिय होत्या, मोर आणि मोगरा. मोराला तिकडे ‘पिकाके’ म्हणत. तिच्या आवडीवरून मोगऱ्यालाही तेच नाव पडले, आणि आजही होनोलुलूत मोगऱ्याची माळ मोराच्या नावाने विकली जाते. मोर आणि मोगरा, दोन्ही आपल्याकडचे! तिची मावशी, हवाईची अखेरची राणी लिलिउओकलानी, हिचे आवडते फूल कोणते असावे? रुईचे. आपण जिची पाने शनिवारी मारुतीला वाहतो तीच रुई. तिच्या फुलातील लहानशा मुकुटाच्या आकृतीमुळे तिकडे तिला मुकुटपुष्प म्हणू लागले. आपल्याकडे ते ब्रह्मचारी देवाचे झाड, तिकडे पदच्युत राणीचे फूल.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. सैन्याचा एकसारखा पोशाख ही फार प्राचीन गोष्ट नव्हे. युरोपात सतराव्या शतकात कायम पगारी सैन्ये उभी राहिली, तेव्हा तिचा सर्वत्र प्रसार झाला. त्यापूर्वी शिपाई आपापल्या कपड्यांत येत आणि ओळखीसाठी टोपीत एखादी डहाळी किंवा दंडाला फडके बांधीत. गणवेशाने धुरात आपला आणि परका ओळखता येऊ लागला, हा एक लाभ. पण त्याहून मोठा परिणाम मनावरचा आहे. गणवेश चढवणारा मनुष्य कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, कोणाचा मुलगा, हे सारे त्या कापडाखाली झाकले जाते. वर उरतो तो राज्याचा शिपाई. म्हणूनच गणवेशावरील प्रत्येक चिन्ह राज्याने दिलेले असावे, दुसऱ्या कोणी त्यात भर घालू नये, असा दंडक आला. अमेरिकेच्या नौदलाच्या नियमावलीत पेन, पेन्सिल, घड्याळाची साखळी, दागिने यांसारख्या वस्तू गणवेशावर उघड दिसतील अशा बाळगू नयेत, असे कलम आहे. जेथे लेखणीला मज्जाव, तेथे वीतभर रुंदीच्या फुलांच्या माळेची काय कथा!

हा दंडक मूर्खपणाचा आहे असे कोणी समजू नये. त्यामागे समतेचे तत्त्व आहे. श्रीमंताच्या मुलाने सोन्याची साखळी मिरवावी आणि गरिबाच्या मुलाने ती पाहत राहावे, असे सैन्यात होता कामा नये. परंतु प्रत्येक दंडकाप्रमाणे हाही कधी कधी माणसाच्या जिव्हाळ्याच्या गोष्टीवर जाऊन आदळतो. अमेरिकेच्या हवाईदलातील गोल्डमन नावाचे एक ज्यू अधिकारी धर्माज्ञेप्रमाणे डोक्यावर लहानशी टोपी घालीत. वरिष्ठांनी ती काढण्यास सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९८६ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी निर्णय गोल्डमन यांच्या विरुद्ध लागला. पुढच्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने कायदा करून नीटनेटकी आणि डोळ्यांत न भरणारी धार्मिक वस्त्रे घालण्यास मुभा दिली. शीख शिपायांच्या फेट्याचा आणि दाढीचा प्रश्न अमेरिकेच्या भूदलात असाच रेंगाळत राहिला आणि २०१७ साली नियमात बदल झाल्यावर बऱ्याच अंशी सुटला.

फुलांपुरते बोलायचे तर इंग्रजांच्या सैन्यात दोन प्रसिद्ध दाखले आहेत. १ ऑगस्ट १७५९ रोजी मिंडेनच्या लढाईत इंग्रज पायदळाने फ्रेंच घोडदळाचे हल्ले मोडून काढले. रणांगणाकडे जाताना शिपायांनी वाटेवरच्या बागांतील गुलाब खुडून टोप्यांत खोवले होते, अशी परंपरा आहे. आणि त्या पलटणींच्या वारसांनी दर वर्षी त्या दिवशी टोपीवर गुलाब लावण्याचा प्रघात पुढे चालवला. दुसरा दाखला आयर्लंडचा. तेथील त्रिदळ शॅमरॉक हे देशाभिमानाचे चिन्ह. इंग्रजी गणवेशावर ते लावणे हा अपराध समजला जाई. परंतु बोअर युद्धात आयरिश पलटणींनी रक्त सांडले, तेव्हा १९०० साली व्हिक्टोरिया राणीने आज्ञा काढून सेंट पॅट्रिकच्या दिवशी आयरिश पलटणींना शॅमरॉक लावण्याची परवानगी दिली. जे चिन्ह काल बंडाचे होते, ते आज इनामाचे झाले! येथे एक गोष्ट नीट पाहावी. गुलाब काय किंवा शॅमरॉक काय, दोन्ही शिपायाने स्वतः खोवले आणि राज्याने नंतर मान्य केले. हवाईच्या माळेचे तसे नाही. ती शिपाई स्वतः घालीत नाही. त्याच्या गळ्यात दुसरे कोणी तरी घालते. आणि हे दुसरे कोणी म्हणजे कोण, हे समजण्यासाठी हवाईचा राजकीय इतिहास थोडक्यात तरी सांगितलाच पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कामेहामेहा पहिला याने ही बेटे एका छत्राखाली आणली. १८२० साली अमेरिकन मिशनरी आले. त्यांच्या प्रभावाखाली १८३० साली सार्वजनिक नृत्यावर बंदी आली. नृत्याबरोबर माळेचे धार्मिक स्थानही संकोचले. १८७४ साली गादीवर आलेल्या कालाकाउआ राजाने या विद्यांना पुन्हा राजाश्रय दिला. हा राजा मोठा चौकस. १८८१ साली त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारा तो पहिला राज्यकर्ता राजा. त्या प्रवासात तो कलकत्त्याहून आगगाडीने आपल्या मुंबईस आला होता आणि तेथूनच जहाजाने सुवेझकडे गेला. १२ फेब्रुवारी १८८३ रोजी त्याने इओलानी राजवाड्यासमोर स्वतःस राज्याभिषेक करवून घेतला. अंगावर युरोपीय धर्तीचा लष्करी पोशाख आणि त्यावर, खांद्यांवरून, कामेहामेहाचा पिवळ्या पिसांचा झगा! आपला आणि परका असे दोन्ही पोशाख एकाच देहावर नांदू शकतात, असे जणू त्याला जगास दाखवायचे होते.

परंतु जगाचा विचार निराळा होता. साखरेच्या मळेवाल्या गोऱ्या मंडळींनी १८८७ साली सशस्त्र स्वयंसेवकांच्या धाकाने राजाकडून त्याचे अधिकार काढून घेणारी राज्यघटना सही करून घेतली. तिला आजही ‘संगिनीची घटना’ म्हणतात. कालाकाउआच्या पश्चात त्याची बहीण लिलिउओकलानी राणी झाली. तिने गमावलेले अधिकार परत मिळवण्याचा विचार करताच १६ जानेवारी १८९३ रोजी ‘बोस्टन’ या अमेरिकन युद्धनौकेवरून १६२ खलाशी आणि सैनिक होनोलुलूत उतरले. दुसऱ्या दिवशी राणीने, रक्तपात टाळण्यासाठी आपण अमेरिकेच्या वरचढ बळापुढे नमत आहोत असे लेखी नोंदवून, सत्ता सोडली. एकही मोठी लढाई न होता एक राज्य गेले. १८९५ साली राणीच्या पक्षपात्यांचा उठाव फसला आणि राणीला तिच्याच राजवाड्यातील माडीवरील एका खोलीत सुमारे आठ महिने कोंडून ठेवण्यात आले.

या कैदेतील एक हकीकत आपल्या विषयाशी फार जवळची आहे. राणीला वर्तमानपत्रे मिळत नसत. पण तिच्या बागेतील फुले आत नेण्यास मज्जाव नव्हता. एक तरुण मुलगा फुले घेऊन जाई. ती फुले तो मुद्दाम वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळी. पहारेकरी फुलांकडे पाहत आणि राणी कागदाकडे! त्या मुलाच्या कृतज्ञतेत तिने कैदेतच एक गीत रचले. ते अजून गायले जाते. गणवेशाने अडवलेली बातमी फुलांनी आत नेली.

१८९७ साली बेटांवरील एकवीस हजारांहून अधिक लोकांनी विलीनीकरणाच्या विरुद्ध अर्जावर सह्या केल्या. त्या वेळी मूळ हवाईयनांची संख्याच चाळीस हजारांच्या आसपास होती. तह सेनेटात अडला; परंतु पुढच्या वर्षी स्पेनशी युद्ध जुंपताच साधा ठराव करून काम भागवण्यात आले, आणि १२ ऑगस्ट १८९८ रोजी हवाईचा ध्वज उतरला. पर्ल हार्बरचे नाविक ठाणे, छावण्या, तोफा, गणवेश यांनी ओआहू बेट हळूहळू भरून गेले. शाळांतून तर १८९६ पासूनच इंग्रजीचा अंमल होता. हवाई भाषा मुलांच्या तोंडून जाऊ लागली. भाषा गेली, राज्य गेले, जमिनी गेल्या. राहिली ती माळ.

माळ राहिली, पण बाजारात आली हेही सांगितले पाहिजे. १९२६ साली होनोलुलूच्या धक्क्यावर अलोहा मनोरा उभा राहिला. मॅटसन कंपनीच्या आगबोटी प्रवाशांनी भरून येत. धक्क्यावर हवाई स्त्रिया हातांवर माळांचे ढीग घेऊन ओळीने बसत. बोट परत निघाली म्हणजे प्रवासी डायमंड हेडच्या कड्यापाशी माळ समुद्रात सोडीत. ती किनाऱ्याकडे गेली तर आपण पुन्हा येणार, असा समज. १९२८ साली डॉन ब्लँडिंग नावाच्या कवीने वर्तमानपत्रातून सुचवले, की माळेचा एक सण असावा. आणि त्याच्या वर्तमानपत्रातील सहकारी ग्रेस टॉवर वॉरेन यांनी त्यासाठी १ मे हा दिवस सुचवला. तेव्हापासून १ मे हा तेथे ‘लेई दिन’ झाला. १९६० पासून आपण ज्या दिवशी महाराष्ट्र दिन पाळतो, त्याच दिवशी सात समुद्रांपलीकडे लोक एकमेकांच्या गळ्यात माळा घालतात. त्याआधी १९२३ साली तेथील विधिमंडळाने प्रत्येक बेटाला त्याची माळ नेमून दिली होती: ओआहूला इलिमा, हवाई बेटाला लेहुआ, काउआईला मोकिहाना, आणि काहोओलावे या लहानशा बेटाला हिनाहिना. या शेवटच्या नावाकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर बाँबहल्ला केला आणि त्याच दिवशी हवाईत लष्करी कायदा पुकारला गेला. तो १९४४ च्या ऑक्टोबरपर्यंत चालला. प्रवासी बोटी बंद झाल्या. माळा विकत घेणार कोण? तेव्हा लष्कराने या माळकरणींना एक निराळे काम दिले. तोफा आणि इमारती शत्रूच्या विमानांपासून लपवण्यासाठी चिंध्या गुंफलेली मोठमोठी जाळी लागत. ती विणण्यास या बायकांना बसवण्यात आले. ज्या बोटांनी आजवर सौंदर्य दिसावे म्हणून फुले गुंफली, त्याच बोटांनी आता तोफा दिसू नयेत म्हणून चिंध्या गुंफल्या. युद्ध माणसाच्या कलेचे काय करते, याचे याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. माळ घालताना गालाचे चुंबन घेण्याची जी चाल पुढे हवाईची म्हणून जगभर प्रसिद्ध झाली, तीही याच युद्धात निघाली अशी गोष्ट सांगतात. सैनिकांच्या करमणुकीस आलेल्या एका कलावतीने पैजेखातर एका अधिकाऱ्याचे चुंबन घेतले आणि हा येथला रिवाजच आहे असे ठोकून दिले! गोष्ट खरी असो वा नसो, फौजेला हवाईची चाल किती कळली होती याचे तीत बोलके चित्र आहे.

या युद्धकाळातील दोन निरोप मात्र गंभीरपणे पाहण्याजोगे आहेत. हवाईत तेव्हा जपानी वंशाचे लोक मोठ्या संख्येने होते. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आणलेल्या मजुरांची ती मुले-नातवंडे. हल्ल्यानंतर त्यांच्याकडे संशयाने पाहण्यात येऊ लागले. त्यांतील जे आधीच सैन्यात होते अशा १,४३२ जणांना ५ जून १९४२ रोजी ‘माउई’ नावाच्या बोटीत चढवून गुपचूप रवाना करण्यात आले. पुढे तीच १०० वी बटालियन झाली. त्यांच्या निरोपाला समारंभ नव्हता, बँड नव्हता, माळ नव्हती. गणवेश होता, पण तो घालणाऱ्यावर राज्याचाच विश्वास नव्हता.

पुढच्या वर्षी राज्याने विचार बदलला. जपानी वंशाच्या तरुणांचे ४४२ वे पथक उभारण्याचे ठरले. हवाईतून दीड हजार स्वयंसेवक मागितले. जवळजवळ दहा हजार पुढे आले. निवडलेल्या सुमारे सव्वीसशे जणांना २८ मार्च १९४३ रोजी इओलानी राजवाड्याच्या आवारात जाहीर निरोप देण्यात आला. त्या प्रसंगाची छायाचित्रे उपलब्ध आहेत. नवे, अंगाला नीट न बसणारे खाकी गणवेश घातलेली कोवळी पोरे, भोवती आया, बहिणी, शेजारी. आणि खाकीवर माळा. ज्या राजवाड्यात एका राणीला कैद केले होते, त्याच राजवाड्याच्या हिरवळीवर हे घडले. काही दिवसांनी हे तरुण ज्या बोटीने गेले ती ‘लर्लाइन’. युद्धापूर्वी माळांनी लादलेल्या प्रवाशांची ने-आण करणारी हीच बोट.

आता विचार करा. या तरुणांच्या गळ्यात माळ घालणाऱ्यांत जपानी होते, चिनी होते, पोर्तुगीज होते, मूळचे हवाईयन होते. माळ हवाईयनांची, तरुण जपानी वंशाचे, गणवेश अमेरिकेचा! नियमाचे पुस्तक काढून कोणी ती माळ उतरवायला सांगितली असती, तर ते नियमाला धरून झाले असते. पण त्या पुस्तकात जे लिहिलेले नव्हते तेच त्या दिवशी घडत होते. राज्य या मुलांना सांगत होते, ‘तुम्ही आमचे आहात हे आता सिद्ध करा.’ माळ त्यांना सांगत होती, ‘तुम्ही आमचे आहातच, सिद्ध काही करावयाचे नाही, फक्त परत या.’ सगळे परत आले नाहीत. इटली आणि फ्रान्समध्ये या पथकाची इतकी हानी झाली आणि त्याने इतके शौर्य गाजवले, की तेवढ्या संख्येच्या आणि तेवढ्या काळाच्या मानाने अमेरिकेच्या इतिहासात सर्वाधिक गौरवले गेलेले पथक म्हणून ते ओळखले जाते. त्यांच्यातील आणि १०० व्या बटालियनमधील २१ जणांना देशातील सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. पण त्यांतील बहुतेकांना ते लाभले २००० साली. राज्याच्या पदकाला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. गावाची माळ मात्र पहिल्याच दिवशी पोचली होती.

होनोलुलूजवळ एका मृत ज्वालामुखीच्या द्रोणात १९४९ साली युद्धात पडलेल्यांसाठी राष्ट्रीय दफनभूमी खुली झाली. मे महिन्याच्या अखेरीस स्मृतिदिन येतो. त्याआधी शाळांतून, घरांतून माळा करून पाठवल्या जातात, आणि बालवीर पथकातील मुले तेथील एकेका थडग्यावर एकेक माळ ठेवतात. हजारो थडगी आणि हजारो माळा! मृत शिपायाच्या गळ्याला पोशाखाचा नियम लागू नाही. तेथे आजीचा कायदा निर्वेधपणे चालतो.

जिवंत शिपायाच्या बाबतीतही तडजोड होत गेली. आज पर्ल हार्बरला पाणबुडी मोहिमेवरून परत आली म्हणजे तिच्या मनोऱ्याला भली मोठी माळ चढवलेली दिसते. एक सेनापती अधिकार सोडतो आणि दुसरा घेतो, त्या समारंभात शुभ्र गणवेशावर, पदकांच्या रांगा झाकून टाकील अशी, माइलेची अथवा फुलांची माळ रुळते. धर्माच्या टोपीला न्यायालयात जावे लागले. लेई मात्र समारंभाच्या दाराने आत शिरली. आपल्या मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘सह्याद्री’ आणि ‘सातपुडा’ या भारतीय युद्धनौका अनुक्रमे २०१४ आणि २०१६ साली बहुराष्ट्रीय नाविक कवायतीसाठी त्या बंदरात जाऊन आल्या. आपल्या डोंगरांची नावे घेऊन गेलेल्या खलाशांनी मोगरा आणि चाफा तिथे पाहिला असेल, तेव्हा परक्या मुलखात ओळखीचे माणूस भेटल्यासारखे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग सारे गोडच झाले. माळेने बंदुकीला जिंकले. मला तसे म्हणवत नाही. काहोओलावे बेटाचे नाव मी मघाशी घेतले. ज्या बेटाला १९२३ साली हिनाहिनाची माळ नेमून दिली, तेच बेट १९४१ पासून अमेरिकन नौदलाच्या बाँबफेकीच्या सरावाचे लक्ष्य झाले. १९७६ पासून हवाईयन तरुण त्या बेटावर जाऊन ठाण मांडू लागले. १९७७ साली त्यांतील दोघे समुद्रात नाहीसे झाले. बाँबफेक थांबली १९९० साली, आणि बेट परत मिळाले १९९४ साली. तोवर एकाच नौदलाच्या पाणबुडीला बंदरात माळ चढत होती आणि त्याच नौदलाचे बाँब माळेच्या मुलखावर पडत होते. १९९३ साली, सत्तांतराला शंभर वर्षे झाल्यावर, अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून हवाईयन लोकांची माफी मागितली. माफीने राज्य परत मिळाले नाही. तेव्हा पाहुणचाराची माळ पाहून यजमानाला जखमच नाही असे समजणे, हा त्या माळेचा सर्वांत मोठा अपमान होय.

मग या माळेचा अर्थ काय करावा? ती शरणागती आहे काय? मला वाटते, तिचे उत्तर दुसऱ्या एका प्रसंगात मिळते. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत, सेल्मा ते मंटगमेरी या पदयात्रेत, मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सहकारी यांच्या गळ्यांत शुभ्र माळा होत्या. होनोलुलूचे हवाईयन धर्मोपदेशक अब्राहम अकाका यांनी त्या पाठवल्या होत्या. रस्त्याच्या दुतर्फा बंदुका घेतलेले सैनिक गणवेशात उभे होते, आणि मधून निःशस्त्र माणसे माळा घालून चालत होती. माळ जर केवळ बलवानाच्या स्वागताची असती, तर ती या माणसांकडे गेलीच नसती. लेई देणारा ‘तू मोठा आहेस’ असे म्हणत नाही. ‘तू माझ्या ओळखीचा आहेस, आणि तसाच वाग’ असे म्हणतो. ती केवळ स्तुती नव्हे, तो एक हक्क आहे आणि एक जबाबदारीही.

आपल्याकडे सत्कारमूर्तीने हार गळ्यात पडताच काढून हाती घ्यावा किंवा टेबलावर ठेवावा, अशी रीत आहे. एवढ्या मानाला मी पात्र नाही, असा विनय तीत आहे. हवाईत हेच कृत्य देणाऱ्याच्या तोंडावर त्याचे प्रेम नाकारण्यासारखे ठरते. दोन्ही रीती सभ्य आहेत. दोन्ही ठिकाणी माळ तीच, मोगराही तोच. एवढ्यावरून हे कळावे, की पोशाखाचा नियम असो वा माळेचा, त्याचा अर्थ त्याच्या अक्षरांत नसतो, तो माणसामाणसांमधील नात्यात असतो. गणवेशाचा नियम शिपायाला राज्याशी बांधतो, आणि तो असलाच पाहिजे. परंतु राज्य म्हणजे समाज नव्हे. शिपायाच्या गळ्यात समाजाने घातलेली माळ त्याला आठवण देते, की तुझ्या छातीवरची पदके ज्यांनी दिली त्यांना तू जाब देशील. पण ज्यांनी ही फुले एकेक करून ओवली, त्यांनाही तुला जाब द्यावयाचा आहे.

१८९३ साली होनोलुलूच्या धक्क्यावर उतरलेल्या त्या १६२ जणांच्या गणवेशाला नियमाप्रमाणे कसलाही दोष लागला नसेल. त्यांच्या गळ्यात माळ नव्हती, आणि माळ घालणाऱ्यांना त्यांनी काही विचारलेही नव्हते. १९४३ साली राजवाड्याच्या हिरवळीवर उभ्या राहिलेल्या पोरांचा पोशाख नियमाच्या दृष्टीने सदोष होता. इतिहासाने कोणाला अधिक मान द्यावा, हे मी आपणांस सांगावयास नको.